न चमकणारं बॉनेट

"ही भाकरी कुणी थापली माझ्या बॉनेटवर? मेस्त्री, तुमाला विचारतोय मी. कुणी थापली?"

बागायतदार ओरडत होता आणि त्याचा आवाज असा, की माधवनगर रस्त्यानं चाललेली एसटी आमच्या शेडसमोर येऊन थांबली. ड्रायव्हरला वाटलं कुणीतरी थांबवतंय. कंडक्टरनं दारही उघडलं होतं. एक म्हातारी उतरलीसुद्धा.

शेडमध्ये दोन लाकडी घोड्यांवर त्याच्या जीपचं बॉनेट आडवं ठेवलं होतं. काळपट जांभळा रंग, वर क्लिअरचा म्हणजे पारदर्शक वार्निशचा थर, आणि सगळं कसं निवांत, मंद, कुठं म्हणून डोळ्यांत न येणारं. फक्त बरोबर मधोमध भाकरीएवढा एक गोल लखलखत होता. त्या गोलात वरची ट्यूबलाइट दिसत होती, छपराचे पत्रे दिसत होते, आणि वाकून बघणाऱ्या बागायतदाराच्या मिशा दिसत होत्या. ज्यानं हे बॉनेट रंगवलं होतं तो माझा थोरला भाऊ शेजारीच हात पुसत उभा होता. तोही बॉनेटकडे बघत होता. पण भाकरी होती मध्ये, आणि दादा बघत होता डाव्या कोपऱ्यात.

"कुठं?" दादा म्हणाला.

"कुठं म्हणतोय बघा. आवं, आंधळ्याला दिसंल!"

बागायतदाराला वाटलं मेस्त्री चेष्टा करतोय. मला मात्र तसं वाटलं नाही, कारण दादानं जन्मात कुणाची चेष्टा केली नव्हती. ते खातं माझ्याकडं होतं.

हे असं का झालं ते सांगायचं तर आधी दादाचा हात सांगितला पाहिजे. नव्वदीच्या त्या मधल्या वर्षांत आमच्या भागात गाडीचा रंग म्हणजे चकाकी. रंग कुठलाही असो, त्यात तोंड दिसलं पाहिजे. गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं की पुढच्या दारासमोर वाकायचं, खिशातून कंगवा काढायचा आणि दारात बघून भांग पाडायचा. भांग सरळ पडला की काम पसंत. आमच्या शेडची ही रीतच होती आणि दादानं रंगवलेल्या दारात कुणाचा भांग वाकडा पडल्याचं मला आठवत नाही. कुंडलच्या एका नवरदेवानं वरातीच्या गाडीच्या दारात बघून दाढी केली, मिशी कोरली, आणि इतकी साफ केली की मांडवात सासऱ्यानं त्याला ओळखलं नाही. एकदा आमच्या पांढऱ्या अॅम्बॅसिडरसमोर खिलार बैल येऊन उभा राहिला, आतल्या बैलाचा त्याला राग आला आणि त्यानं शिंग घातलं. गाडीचा मालक भांडायला येईल म्हणून आम्ही घाबरलो, तर तो पेढे घेऊन आला. ही गोष्ट सांगताना कधी एक बैल असायचा, कधी जोडी. समोरचं गिऱ्हाईक बघून मी ठरवायचो.

कारण शेडमधलं माझं खरं काम तेच होतं. नावाला मी मदतीला. रंग गाळायचा, टेप चिकटवायची, लाकडी पट्टी घेऊन डबा ढवळायचा. रंग फवारायची गन दादाच्या हातात. मला एकदाच मिळाली होती, उसाच्या ट्रॉलीच्या फाळक्यावर, आणि मी मारलेला रंग असा ओघळला की ट्रॉली रडतीय म्हणून पोरंटोरं बघायला आली. तेव्हापासून माझ्या हातात पट्टी. दादा दिवसाला दहा शब्द बोलायचा, बाकीचे मी बोलायचो. तो रंगवायचा आणि मी त्या रंगावर आणखी एक हात मारायचो, तोंडानं. आमचं बरं चाललं होतं.

मग हा बागायतदार आला. पलूसकडचा, द्राक्षवाला. जुनी जीप घेतलेली, तिला डेंटरकडून नवं बॉनेट, दोन मडगार्ड आणि डॅशबोर्डचा पत्रा मुद्दाम बनवून घेतलेला. जतकडं त्यानं नवी बाग धरली होती. सकाळी पूर्वेला जायचं, सूर्य समोर. संध्याकाळी पश्चिमेला यायचं, परत सूर्य समोर. चकाकत्या बॉनेटवर ऊन पडायचं ते थेट याच्या डोळ्यांत. दोनदा तो मेंढरांच्या कळपात घुसता घुसता वाचला होता. (मी सांगतो तेव्हा मेंढरं तीनशे असतात आणि मेंढका बाभळीवर चढलेला असतो.)

"मला चमक नको," तो म्हणाला. "पण मिलिटरीच्या ट्रकावानी कोरडं खडखडीतबी नको. रंग आत खोल दिसाय पायजे, वर क्लिअर पायजे, हाताला गुळगुळीत पायजे. पण डोळ्याला निवांत."

असलं काम आम्ही ऐकलंही नव्हतं. क्लिअर मारायचा तो चमकायलाच. बागायतदारानं पिशवीतून काळ्या द्राक्षांचा घड काढला. "ह्या मण्याकडं बगा. वरनं धुरकट झाक हाय का न्हाई? बोट लावलं की ती जाती, खालचा मणी चमकाय लागतो, आन् व्यापारी म्हणतो हा घड हाताळलेला हाय, बाजूला काढा. मला बॉनेट ह्या घडावानी करून द्या. बोट न लावलेल्या."

दादानं घड हातात घेतला आणि नाकापाशी नेला. बराच वेळ तिथंच धरला.

"वास घेतोय," मी बागायतदाराला म्हणालो. "आमचा दादा वासावरनं सांगतो रंगात थिनर किती पडलंय ते."

बागायतदार खूश झाला. पण मला माहीत होतं की दादा वास घेत नव्हता. तो बघत होता. आता त्याला बघायला एवढ्या जवळून लागायचं.

वर्षभर हे चाललं होतं. त्यानं एकदा चहाचा कप टेबलाच्या कडेच्या अलीकडे, म्हणजे हवेत ठेवला. मी म्हणालो, दादाला आज टेबल लांब झालं. समोरच्या झाडाखाली बांधलेल्या म्हशीला त्यानं "या मालक" म्हटलं तेव्हा मी ती गोष्ट इतकी रंगवली की लोक पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे, आणि त्यात ती म्हैस आत येऊन खुर्चीवर बसायची. दादाही ओठातल्या ओठात हसायचा. मला वाटायचं हसण्यात गेलं म्हणजे गेलं.

न चमकणाऱ्या क्लिअरचं कसब विचारायला आम्ही साताऱ्याला गेलो. पोवई नाक्याच्या पलीकडे दादाच्या उस्तादाचं गॅरेज होतं. तिथं दादानं सात वर्षं काढली होती. उस्ताद आता थकलेला, खुर्ची टाकून दारात बसायचा, पण नजर अजून ससाण्याची.

"चमक घालवायला एवढ्या लांब आलास व्हय रं?" उस्ताद म्हणाला. "नीट काम करायचं सोड की. आपोआप जाती."

हसून झाल्यावर त्यानं आतून एक डबा मागवला. आत पांढरी दाट पेस्ट. ती क्लिअरमध्ये घालायची.

"ही तळाला बसती," उस्तादानं माझ्याकडे बोट केलं. "तू ढवळणारा न्हवं? तू थांबलास की काम गेलं. डब्यातलं वरचं चमकंल आन् खालचं पांढरं पडंल." मग दादाला म्हणाला, "मारल्यावर ओलं असतं तवा सगळं चमकतंच. घाबरायचं न्हाई. मग कडंनं चमक मावळत येती. पहिला हात सगळीकडं सारखा मावळला की दुसरा मारायचा. आधी मारलास तर आतनं चमकंल, उशीर केलास तर पट्टं उठतील. ट्यूबखाली धरून बगायचं. ट्यूब कुठं हाय एवढं कळावं, तिच्या कडा दिसू नयेत."

"बरं," दादा म्हणाला.

"आन् वाळल्यावर हात लावायचा न्हाई. कण बसला तर बसू दे. घासलास तर तेवढाच तुकडा चमकंल आन् ती चमक परत निघत न्हाई. सगळं खरवडून पहिल्यापासनं."

निघताना दादाचा पाय पायरीवर पडला नाही, पायरीच्या पुढच्या हवेत पडला. तो पडता पडता दाराला धरून सावरला आणि काही झालंच नाही अशा चालीनं रस्त्याकडे गेला. उस्तादानं माझं मनगट धरलं.

"त्याचं डोळं दाव कुणालातरी."

"आवं उस्ताद, तुमच्या साताऱ्यात पायऱ्याच उंच. इथला माणूस जन्मतःच डोंगर चढतो, आमी सपाटीवरचं."

"मला हसवू नको," उस्ताद म्हणाला. "दाव."

मी दाखवलं नाही. परतीच्या एसटीत दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि मला बोलायचं होतं. पण बोललो असतो तर दवाखाना, दवाखान्यात गेलो की ते चारचौघांत झालं असतं, आणि चारचौघांत झालं की दादाच्या हातातली गन गेली. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. गावाकडचं शेत नाही, बोलणं नाही, पत्ते नाहीत, तंबाखूसुद्धा नाही. सगळा माणूस त्या उजव्या हातात होता. म्हणून मी कराडपर्यंत त्याला बैलाची गोष्ट सांगितली. तीन बैल घातले.

तेलाच्या डब्यांच्या पत्र्यांवर आम्ही नमुने मारले. किती, विचारू नका. पुढं त्या पत्र्यांनी कुणाचा तरी अख्खा गोठा शाकारला. काही पांढरे पडले, काहींवर झेब्र्यासारखे पट्टे, एक इतका चमकला की दादानं तो पालथा घातला. मी ढवळून ढवळून खांद्यातून निघालो होतो. प्रत्येक हातानंतर दादा विचारायचा, "मावळलं?" आणि मी म्हणायचो, "कवाच!" कधी बघून, कधी न बघता. तो माझ्याच डोळ्यांवर काम करतोय हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तरी बॉनेट साधलं. वारा पडलेल्या एका सकाळी जमिनीवर पाणी मारलं, नाकाला रुमाल बांधले, आणि दादानं दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तर बॉनेट नव्हतंच, घड होता. असा की मला वाटलं मुंग्या येतील. मी समोरच्या एसटीडीतून बागायतदाराला फोन केला, चहा प्यायलो, आणि तिथल्या चारपाच जणांना सांगत बसलो की आमच्या दादानं चमकेवरच पडदा टाकलाय.

मी बोलत बसलो होतो, आणि इकडे दादा बॉनेटजवळ एकटा होता. त्यानं तळहात फिरवला. वीस वर्षांची सवय. मधोमध बाजरीच्या दाण्याएवढा कण लागला. बोटांना जे कळलं ते हातांनी केलं. ओला पॉलिश पेपर, मग घासायचं कंपाउंड, मग आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, गोल, गोल, गोल. उस्तादानं सांगितलेलं तो विसरला नव्हता. त्यानं मला नंतर सांगितलं, की दोनदा घासून झाल्यावर तो थांबला आणि निरखून बघितलं, तर चमक काही दिसली नाही. म्हणून त्याला वाटलं काही बिघडलं नाही. म्हणून त्यानं आणखी घासलं.

मी परत आलो तेव्हा बागायतदार माझ्या आधी पोचला होता आणि एसटी थांबली होती.

"मालक, थांबा," मी मध्ये पडलो. "ही माझी चूक. मीच घासलं. दादा न्हवता हितं."

"तू?"

"मीच. राती सपनात बॉनेट आलं, म्हणालं मला जरा..."

"हात दाव."

मी हात पुढे केले. एसटीडीतला चहा सोडला तर त्यांना काही लागलेलं नव्हतं. बागायतदारानं माझ्या हातांकडे बघितलं, मग दादाच्या. दादाच्या नखांत कंपाउंडचा पांढरा थर होता. बागायतदाराचा आवाज एकदम बसला. त्यानं पिशवीतून दोन मणी तोडले. आम्हाला द्यायला आणलेल्या घडाचेच. एक सदऱ्याला पुसला, दुसरा तसाच ठेवला आणि दोन्ही दादासमोर तळहातावर धरले.

"मेस्त्री. ह्यातला पुसलेला कुठला?"

दादानं हात पुढे करून अंदाजानं मणी उचलले. अंगठ्यानं जरा चोळले. मग दोन्ही तोंडात टाकले.

"दोनी गोड हायत," तो म्हणाला.

मी मोठ्यानं हसलो. शेडमध्ये हसणारा मी एकटाच होतो.

"मिरजेला जावा," बागायतदार म्हणाला, आता अगदी हळू. "आदी त्ये. बॉनेट मग. मला घाई न्हाई, मी तोवर दुपारचाच जाईन जतला."

मिरजेच्या डॉक्टरांनी दादाच्या डोळ्यांत उजेड टाकला, हनुवटी टेकवून आत बघितलं, आणि मला आत बोलावलं. मोतीबिंदू काढता येईल, म्हणाले, पण मागचा पडदाही खराब झालाय. किती नजर परत येईल हे आधी सांगता येत नाही. आणि हा थिनरचा वास, हे बारीक काम, आता नको. दादानं विचारलं, "हातातलं एक काम पुरं करू?" डॉक्टर म्हणाले, एक करा.

ते एक काम आम्ही केलं. सगळा क्लिअर घासून काढला, खालचा रंग पुन्हा चढवला. पुन्हा वारा पडलेली सकाळ, पुन्हा जमिनीवर पाणी. मी डबा ढवळून गन भरून दिली आणि दादानं मला बॉनेटच्या पलीकडे उभं केलं, वाकून, डोळे पत्र्याच्या पातळीला, समोर ट्यूबलाइट. गन चालू झाली. दादाच्या हाताला डोळ्यांची गरज नव्हती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो असा जायचा की फवाऱ्याचा आवाजही कुठं जाड-बारीक होत नव्हता. पहिला हात झाला. बॉनेट तळ्यासारखं चमकत होतं.

"मावळलं?"

"दादा, असं वाटतंय जशी पुनवेची..."

"गोष्ट नको. काय दिसतंय त्ये सांग."

मी जन्मात पहिल्यांदा नुसतं जे दिसतंय ते सांगायला लागलो, आणि सांगतो, त्याच्याइतकं अवघड काम मी केलेलं नाही. "उजव्या कडंला मावळलं. चार बोटं. डाव्या बाजूला अजून ओलं हाय. ट्यूबच्या कडा दिसत्यात." थोड्या वेळानं, "डावीकडं आता अस्पष्ट हाय. मधी दिसत्यात." मग, "मधी थोड्याच." घामानं माझा शर्ट भिजला होता. एकही शब्द जास्त जाऊ द्यायचा नाही म्हणून मी जीभ दातांत धरली होती. दादा गन घेऊन माझ्या आवाजाकडे तोंड करून उभा होता, बॉनेटकडे नाही.

"मधी?"

"कडा गेल्या. ट्यूब नुसती हाय एवढंच कळतंय. सगळीकडं सारखं."

"नक्की?"

"आईची आण."

त्यानं दुसरा हात मारला.

वाळल्यावर कुणी बोट लावलं नाही. मी दारातच उभा राहिलो, राखणीला. दोन कण बसले होते, ते बसू दिले. बागायतदार आला, भोवती फिरला. मग सवयीनं वाकला, खिशातून कंगवा काढला, बॉनेटमध्ये बघितलं. त्यात त्याला तोंड दिसलं नाही, मिशा दिसल्या नाहीत, काही म्हणजे काही दिसलं नाही. त्यानं कंगवा परत खिशात ठेवला.

"पसंत हाय," तो म्हणाला.

जीप गेल्यावर माझी जीभ सुटली. दोन आठवडे बांधून ठेवलेली. मी दादाला म्हणालो, आता बघ, हे बॉनेट जतच्या रस्त्यानं रोज जाणार, रोज येणार, बघणारे विचारणार, साताऱ्यापासून विजापूरपर्यंतच्या गाड्या आपल्या दारात उभ्या राहणार, लोणंदवरनं आख्खी मालगाडी भरून बॉनेटं येतील. दादा खाली बसून थिनरमध्ये गन धूत होता. त्यानं ती पुसली, चाचपून नीट जोडली, आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं पुढे केली. मी घेईपर्यंत तशीच धरली.

"येऊ देत," तो म्हणाला. "तू मार. मी ढवळतो."